दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणून फुप्फुसे निरोगी ठरत नाहीत

फुप्फुसांच्या जुनाट आजाराविषयीचा एक संदेश वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. कधी तो चार वाक्यांचा असतो, कधी पानभर, पण त्याचा गाभा बदलत नाही. दीर्घ श्वास घेऊन तो दहा सेकंद न खोकता रोखता आला आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९५ च्या वरचा आकडा दिसला, तर फुप्फुसे ठणठणीत आहेत असे समजावे, असे त्यात म्हटलेले असते. पुढे संदेश सांगतो: पन्नाशीनंतर जिना चढताना लागणारी धाप वयाची असते. ज्याने कधी धूम्रपान केले नाही त्याला हा आजार होत नाही आणि ज्याने वर्षानुवर्षे केले त्याला आता ते सोडून काही मिळत नाही. इन्हेलरची सवय लागते, म्हणून तो अगदी शेवटी घ्यावा. कफ साफ करणारा काढा नियमित घेतल्यास फुप्फुसे पूर्ववत होतात. दम लागत असेल तर हालचाल कमी करावी, घरी ऑक्सिजन आणून ठेवावा आणि कफाचा रंग बदलला तरी आठवडाभर वाट पाहावी. संदेशाचा सूर आपुलकीचा असतो आणि त्यातली एकदोन वाक्ये अर्धवट खरीही आहेत. म्हणूनच त्याला एका शब्दात खोटे न म्हणता तो मुद्द्यामुद्द्याने तपासणे भाग आहे.

येथे जुनाट आजार म्हणजे मुख्यतः सीओपीडी (क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मोनरी डिसीज). श्वासनलिका कायमच्या अरुंद होणे, त्यांत कफ साठणे आणि वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या, भिंती झिजून नाहीशा होणे, या तिन्ही गोष्टी त्यात कमीअधिक प्रमाणात एकत्र असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३५ लाख लोक या आजाराने मरण पावले. संदेशातील बहुतेक चुकांचे मूळ मला एकाच ठिकाणी दिसते: शरीराला काय जाणवते यावरून फुप्फुसांची अवस्था ठरवली जाते. या आजारात जाणीव फार उशिरा येते आणि आली तरी ती पुष्कळदा चुकीच्या दिशेला बोट दाखवते.

श्वास रोखण्याच्या परीक्षेपासूनच सुरुवात करू. २०२० च्या महासाथीत हीच परीक्षा संसर्ग ओळखण्यासाठी म्हणून जगभर पसरली होती, आणि दहा सेकंद श्वास रोखता आला तरी कोविड किंवा फुप्फुसांचा अन्य कोणताही आजार नाही असे सिद्ध होत नाही, असा खुलासा जागतिक आरोग्य संघटनेला तेव्हाच करावा लागला होता. श्वास किती वेळ रोखता येतो हे रक्तात वाढणारा कार्बन डायऑक्साइड माणूस किती सहन करू शकतो, त्याला सराव किती आहे आणि रोखण्याआधी त्याने छाती किती भरून घेतली, यांवर अवलंबून असते. सीओपीडीतील मूळ अडचण मात्र श्वास बाहेर सोडण्याची आहे. अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी इतर बाटल्यांइतकेच मावते, पण ती उलटी केल्यावर रिकामी व्हायला वेळ लागतो, तशीच या फुप्फुसांची स्थिती असते. किंबहुना आजार वाढलेल्या रुग्णाच्या छातीत नेहमीपेक्षा अधिक हवा अडकून राहते. अशा माणसाने सुरुवातीच्या टप्प्यात दहाच काय, वीस सेकंद श्वास रोखून दाखवला तरी नवल नाही, आणि त्याच्या आजाराविषयी त्यातून काहीही कळत नाही.

ऑक्सिमीटरचा आकडा हे मोजमाप तरी आहे, पण ते वेगळ्याच गोष्टीचे मोजमाप आहे. रक्तातील हिमोग्लोबिनचा किती भाग ऑक्सिजनने भरलेला आहे हे ते उपकरण दाखवते. रक्तातील ऑक्सिजनचा दाब कमी होत गेला तरी हिमोग्लोबिन बराच काळ जवळजवळ भरलेलेच राहते. दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरपर्यंत उतरतो तेव्हा कोठे हा आकडा ९० च्या आसपास येतो आणि त्यानंतर तो झपाट्याने घसरतो. त्यामुळे श्वासनलिकांचे बरेच नुकसान झालेल्या माणसाच्या बोटावरही ९७ दिसू शकतात. धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिनला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड या साध्या उपकरणाला ऑक्सिजनपासून वेगळा ओळखता येत नाही आणि आकडा प्रत्यक्षाहून चांगला दिसतो. शिवाय बोटे गार असणे, नखांना रंग असणे किंवा त्वचा गडद असणे, यांमुळेही आकड्यात फरक पडतो. निदान झालेल्या रुग्णाने स्वतःच्या नेहमीच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून पाहावा, एवढ्यासाठी हे उपकरण घरात असणे उपयोगाचे आहे. आजार आहे की नाही हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे देऊ नये.

ते काम स्पायरोमेट्रीचे, म्हणजे सोडलेला श्वास मोजणाऱ्या चाचणीचे आहे. १८४६ मध्ये जॉन हचिन्सन यांनी श्वासाचे आकारमान मोजणारे यंत्र लोकांसमोर आणले, आणि आज वापरात असलेली चाचणी त्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती आहे. रुग्णाला आधी श्वासनलिका रुंदावणारे औषध देतात, काही मिनिटे थांबतात, मग छाती पूर्ण भरून घ्यायला लावतात आणि सगळी हवा जोराने, एका दमात, सहा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ यंत्रात सोडायला सांगतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा ही एकूण बाहेर पडलेल्या हवेच्या ०.७० पटीपेक्षा कमी भरली, तर वाटेत कायमचा अडथळा आहे असे मानले जाते. ही मर्यादाही निर्दोष नाही. वयाबरोबर हे गुणोत्तर निरोगी माणसातही उतरत असल्यामुळे वृद्धांमध्ये निदान जरा जास्त होते आणि तरुणांमध्ये जरा कमी. म्हणून आकडा सीमारेषेजवळ असेल तर चाचणी काही काळाने पुन्हा करतात, आणि लक्षणे व धूर-धुळीशी आलेला संबंध या दोन्हींची सांगड घालूनच निष्कर्ष काढतात. छातीचा एक्स-रे या निदानाला पुरेसा नसतो, कारण सुरुवातीला तो स्वच्छ येऊ शकतो. तो काढतात तो मुख्यतः क्षय, कर्करोग, हृदयाचा आकार वाढणे अशी इतर कारणे तपासण्यासाठी.

ज्याला काहीच त्रास नाही अशा प्रत्येक प्रौढाने ही चाचणी करून घ्यावी असा मात्र याचा अर्थ नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने लक्षणे नसलेल्यांच्या सरसकट तपासणीच्या विरोधात २०१६ मध्ये शिफारस केली आणि २०२२ मध्ये ती कायम ठेवली. चाचणी हवी ती टिकून राहिलेला खोकला, रोजचा कफ, चालताना लागणारा दम, वारंवार छातीत उतरणारी सर्दी किंवा वर्षानुवर्षांचा धूर पाठीशी असलेल्या माणसाला. मोठी अडचण अशी की हीच माणसे आपल्याला लक्षणे आहेत हे मान्य करत नाहीत, आणि त्याला संदेशातील वयाचा मुद्दा हातभार लावतो.

वयाप्रमाणे फुप्फुसांची ताकद कमी होते, हे खरे आहे. विशी-पंचविशीत ती सर्वाधिक असते आणि पुढे निरोगी माणसातही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटते. परंतु या घटीमुळे निरोगी साठीच्या माणसाला सपाट रस्त्यावर थांबावे लागत नाही, कारण फुप्फुसांची राखीव क्षमता मोठी असते. हीच राखीव क्षमता आजारालाही झाकून ठेवते. सीओपीडीची सुरुवात बहुधा दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद नलिकांत होते. अशा नलिका संख्येने प्रचंड असल्याने त्यांतल्या पुष्कळ निकामी झाल्या तरी एकूण अडथळ्यात फारसा फरक पडत नाही. दम जाणवू लागतो तेव्हा नुकसान जुने झालेले असते. तोवर माणसाने स्वतःला नकळत आवरते घेतलेले असते. तो जिना टाळतो, चालण्याचा वेग कमी करतो, बोलता बोलता चालणे सोडून देतो आणि विचारल्यावर मला काही त्रास नाही असे प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून धाप लागते का, हा प्रश्न पुरेसा नाही. दम मोजण्याच्या प्रचलित श्रेणीत ० ते ४ असे टप्पे आहेत आणि त्यातला टप्पा २ असा आहे: दम लागतो म्हणून सपाट रस्त्यावर आपल्याच वयाच्या माणसांपेक्षा हळू चालावे लागते, किंवा स्वतःच्या चालीने चालतानाही मध्ये थांबावे लागते. तुलना समवयस्कांशी असल्यामुळे वयाची सबब येथे आपोआप गळून पडते. दमामागे हृदयविकार किंवा रक्तक्षयही असू शकतो, आणि म्हणूनही तो वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होणे धोक्याचे आहे.

धूम्रपान न करणाऱ्याला हा आजार होत नाही, या विधानासाठी फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत सीओपीडीच्या ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांमागे तंबाखूचा धूर असतो, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० ते ४० टक्केच आहे. उरलेल्यांमागे घरातील लाकूड-कोळशाचा धूर, खाणीतील व कारखान्यातील धूळ आणि वायू, बाहेरची दूषित हवा, लहानपणीचे श्वसनाचे संसर्ग, अपुऱ्या दिवसांचा जन्म, बरा झालेला क्षय आणि दीर्घकाळचा दमा अशी कारणे असतात. थोड्या जणांत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची जन्मजात कमतरता असते. स्वीडनमधील लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ मध्ये ती प्रथम नोंदवली. कमी वयातच वायुकोश झिजलेले दिसले तर तिची रक्तचाचणी करावी लागते.

आता सोडून काय मिळणार, हे विधान मात्र मला संदेशातील सर्वांत घातक वाटते, कारण ते समंजसपणाचा आव आणते. गमावलेली फुप्फुसे परत मिळत नाहीत, एवढा भाग त्यात खरा आहे. पण प्रश्न पुढे किती गमवायची याचा असतो. लंडनमधील कामगारांचे आठ वर्षे निरीक्षण करून फ्लेचर आणि पीटो या संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवले की धूम्रपान थांबल्यावर फुप्फुसांची घसरण निरोगी माणसाच्या वेगाजवळ येते, मग ते कोणत्याही वयात थांबो. पुढे अमेरिका आणि कॅनडात सौम्य अडथळा असलेल्या ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांवर मोठा अभ्यास झाला. त्यातील लोकांना अकरा वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा धूम्रपान कायमचे सोडलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेतील घट वर्षाला सुमारे ३० मिलिलिटर आणि चालू ठेवलेल्यांची सुमारे ६६ मिलिलिटर निघाली. स्त्रियांमध्ये हेच आकडे सुमारे २२ आणि ५४ होते. दहा वर्षांत हा फरक तीनशे मिलिलिटरच्या वर जातो, आणि मुळातच दीड लिटर उरलेल्या माणसासाठी घराबाहेर पडता येणे किंवा न येणे यांतले अंतर तेवढेच असू शकते. केवळ निर्धारावर भिस्त न ठेवता निकोटिनचे पट्टे वा गोळ्या, व्हॅरेनिक्लिनसारखी औषधे आणि समुपदेशन यांची जोड दिली, तर सोडण्यात यश येण्याची शक्यता लक्षणीय वाढते.

इन्हेलरच्या सवयीचा समज कसा तयार होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. तात्काळ आराम देणारा पंप काही मिनिटांत श्वास मोकळा करतो, त्याचा परिणाम चार-सहा तासांत ओसरतो आणि दम पुन्हा लागतो. या परतलेल्या दमाला माणूस औषधाची तलफ समजतो. प्रत्यक्षात तो औषधाआधीही होताच. व्यसनात दिसणारी ओढ किंवा नशेसाठी वाढत जाणारी मात्रा येथे नसते. तात्काळ पंपाची गरज दिवसेंदिवस वाढू लागली तर आजार आटोक्यात नाही असा तो इशारा असतो आणि उपचार बदलावे लागतात. नियमित घ्यायचे दीर्घकाळ टिकणारे इन्हेलर याच्या उलट कारणाने सोडले जातात. ते घेतल्यावर लगेच काही जाणवत नाही, म्हणून ते निरुपयोगी वाटतात. त्यांचा लाभ महिन्यांच्या हिशोबात दिसतो. आजार उफाळण्याचे प्रसंग घटतात, रुग्णालयात जाण्याची वेळ कमी येते, चालण्याचा पल्ला वाढतो. टायोट्रोपियम या अशाच एका औषधाचा सुमारे सहा हजार रुग्णांवर चार वर्षे अभ्यास झाला आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. फुप्फुसांच्या घसरणीचा वेग या औषधाने कमी झाला नाही, पण उफाळण्याचे प्रसंग कमी झाले आणि रुग्णांचे रोजचे जगणे सुधारले. इन्हेलरकडून काय अपेक्षावे आणि काय नाही, हे यातून नेमके कळते.

गोळी सौम्य आणि पंप जहाल, ही समजूतही उलटी आहे. तात्काळ पंपातील सालब्युटामॉल या औषधाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या चाळीसपट. गोळी सगळ्या शरीरातून फिरून फुप्फुसांपर्यंत पोहोचते आणि वाटेत हातांना कंप, छातीत धडधड देऊन जाते. स्टेरॉइडयुक्त इन्हेलरविषयीची भीती मात्र पूर्णपणे निराधार नाही. त्यांनी तोंडात बुरशी येते, आवाज बसतो, आणि सीओपीडीच्या रुग्णांत न्यूमोनियाचे प्रमाण वाढते, हे सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या २००७ मधील अभ्यासात स्पष्ट झाले. म्हणून ते सर्वांना देत नाहीत. ज्यांचा आजार वारंवार उफाळतो आणि ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त आहेत, किंवा ज्यांना जोडीला दमाही आहे, अशांसाठी त्यांचा लाभ तोट्यापेक्षा मोठा असतो. दमा आहे की सीओपीडी, हे ठरवणे याच कारणासाठी महत्त्वाचे आहे. दम्याच्या रुग्णाला स्टेरॉइडशिवाय केवळ दीर्घकाळ टिकणारे श्वासनलिका रुंदावणारे औषध देणे धोकादायक असते.

पंप लागू पडत नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा तो घेण्याची पद्धत चुकलेली असते. फवाऱ्याचा पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, कळ दाबतानाच हळू आणि खोल श्वास घ्यायचा असतो. भुकटीच्या इन्हेलरमध्ये मात्र तोच श्वास वेगाने आणि जोराने ओढावा लागतो. दोन्हींची सरमिसळ झाली की औषध घशातच राहते. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे औषध क्षणभर साठवणारे नळकांडे, जोडल्यास कळ आणि श्वास यांचा मेळ साधण्याची कसरत उरत नाही. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकावी. आणि औषध आत गेल्यावर श्वास जमेल तसा दहा सेकंदांपर्यंत रोखावा, म्हणजे ते नलिकांत स्थिरावते. संदेशातल्या त्या दहा सेकंदांचा खरा उपयोग असलाच तर तो येथे आहे.

काढ्याबद्दल थोडक्यात. प्यालेला पदार्थ अन्ननलिकेतून पोटात जातो, श्वासनलिका धुऊन काढत नाही. गरम पेयाने घशाला बरे वाटते आणि कफ सुटल्यासारखा वाटतो, त्याला कोणाची हरकत नाही. नष्ट झालेल्या वायुकोशांच्या भिंती पुन्हा उभारणारे औषध मात्र आज कोणत्याही पद्धतीत उपलब्ध नाही. एखाद्या बेनामी पुडीने दोन दिवसांत जादूसारखा दम उतरला, तर तिच्यात न सांगता मिसळलेले स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. महिनोन्‌महिने ते पोटात गेल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो आणि श्वासाचे स्नायूही दुबळे पडतात.

विश्रांतीचा सल्ला ऐकायला सर्वांत दयाळू आणि परिणामाने सर्वांत वाईट आहे. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, क्षीण स्नायूंना तेवढ्याच कामासाठी अधिक श्वास लागतो आणि मग कमी श्रमातही दम लागतो. हे चक्र तोडण्यासाठी श्वसन-पुनर्वसन नावाचा कार्यक्रम असतो. त्यात प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली काही आठवडे चालणे, पायांचे व हातांचे व्यायाम, श्वासाचे तंत्र आणि आजाराची माहिती दिली जाते. २०१५ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन समूहाने ६५ चाचण्या एकत्र तपासल्या आणि दम, थकवा, चालण्याची क्षमता या सर्वांत सुधारणा दिसल्याचा निष्कर्ष काढला. फुप्फुसांचा आकडा तोच राहतो आणि माणूस अधिक चालू लागतो. दम लागल्यावर नाकाने श्वास घेऊन ओठ शीळ घातल्यासारखे आवळून सावकाश सोडला, तर नलिका मिटण्याआधी अडकलेली हवा बाहेर पडायला अवधी मिळतो.

राहिला ऑक्सिजन. दम आणि ऑक्सिजनची कमतरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छातीत हवा अडकल्याने खूप दम लागत असताना रक्तातील ऑक्सिजन पुरेसा असू शकतो, आणि तो धोकादायक पातळीला उतरलेला असताना माणूस शांत बसलेला असू शकतो. विश्रांत अवस्थेत ऑक्सिजन फारच कमी असलेल्या रुग्णांना तो दिवसाला किमान पंधरा तास दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ च्या दोन चाचण्यांतून दिसले. मध्यम प्रमाणात कमी असलेल्या ७३८ रुग्णांच्या २०१६ मधील चाचणीत मात्र त्याने ना आयुष्य वाढले, ना रुग्णालयात दाखल होणे टळले. म्हणून घरच्या ऑक्सिजनचा निर्णय रुग्णाची प्रकृती स्थिर असताना धमनीतील रक्त तपासून घेतला जातो. तो सुरू असलेल्या खोलीत धूम्रपान केल्यास आग लागण्याचा धोका असतो, हेही संदेशात कुठे नसते.

कफाचा रंग बदलल्यावर आठवडाभर थांबण्याचा सल्ला तर सरळ उलटा आहे. दम वाढणे, कफ वाढणे आणि तो पिवळा-हिरवा होणे ही आजार उफाळल्याची तीन मुख्य लक्षणे आहेत, आणि अशा प्रत्येक प्रसंगात थोडी क्षमता कायमची जाण्याची भीती असते. वेळीच गाठले तर तात्काळ पंपाची मात्रा वाढवणे, गरज असल्यास प्रतिजैविक आणि तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडचा छोटा क्रम एवढ्याने बहुतेकांचे भागते. हा क्रम पाच दिवसांचा असला तरी चौदा दिवसांइतकाच उपयोगी पडतो, हे २०१३ मध्ये दिसून आले. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जीवाणू) यांच्या लसींनी असे प्रसंग आणि त्यांची तीव्रता कमी होते. ओठ निळसर पडणे, वाक्य पुरे करता न येणे, गुंगी येणे किंवा असंबद्ध बोलणे ही चिन्हे दिसली तर घरी थांबू नये. मदतीला आलेल्या रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना, ते ऑक्सिजनचा मुखवटा लावण्याआधीच, रुग्णाला सीओपीडी आहे हे सांगावे. अशा रुग्णाला जास्तीत जास्त प्रवाहाने दिलेल्या ऑक्सिजनमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात रुग्णवाहिकेतील ४०५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ या दरम्यान राहील इतकाच ऑक्सिजन दिलेल्यांमध्ये मृत्यूंचे प्रमाण बरेच कमी होते.